वलयाची हद्द

रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या रोग्याला कोणते प्रतिजैविक लागू पडेल, याचा निर्वाळा प्रयोगशाळेकडून मिळायला परंपरेने तीन-चार दिवस लागत आले आहेत. आणि तोवर वॉर्डातला डॉक्टर जे औषध सुरू करतो ते विद्येने व अनुभवाने बांधलेले असले, तरी अखेर अनुमानच असते. अनुमान चुकले तर रोग्याचे मोलाचे तास वाया जातात. आणि ते चुकेल या धास्तीने पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला मेरोपेनेमसारखे राखून ठेवण्याजोगे औषध द्यावे, तर त्यालाही न जुमानणाऱ्या जंतूंची पैदास वाढते. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंपायी 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा अंदाज 2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. विलंबाची ही दुहेरी किंमत ध्यानात घेऊन तो कसा कमी करतात हे पाहावे, म्हणून पश्चिम महाराष्ट्रातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, तिथल्या प्रमुख डॉक्टरबाईंच्या परवानगीने, मी काही काळ बसत असे.

प्रौढ रोग्याचे आठ-दहा मिलिलिटर रक्त पोषकद्रवाच्या बाटलीत घालून ती बाटली ज्या उबदार कपाटात ठेवतात, ते तिला मंदपणे हलवत राहते. बाटलीच्या तळाशी हिरवट रंगाचा एक थर असतो, आणि जंतू वाढून कार्बन डायऑक्साइड सोडू लागले की तो पिवळा पडत जातो. यंत्र दर काही मिनिटांनी हा रंग तपासते. एके दिवशी सकाळी सव्वानवाच्या सुमारास कपाटाने इशारा दिला आणि तरुण टेक्निशियनने आवाज दिला, “मॅडम, फीमेल मेडिसिनची बाटली पॉझिटिव्ह लागली.” काचेवर थेंब पसरून ग्रॅम स्टेन करताच सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी दंडाणू दिसले. ही बातमी ताबडतोब वॉर्डात कळवली गेली, पण जंतू आहे एवढ्याने औषध ठरत नाही.

यापुढची जुनी वाट अशी, की बाटलीतले द्रव प्लेटवर पसरून रात्रभर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी उगवलेल्या वसाहतींतून ठरावीक गढूळपणाचे द्रावण करायचे, ते नव्या प्लेटवर फासून त्यावर औषधाच्या कागदी डिस्क ठेवायच्या, आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येक डिस्कभोवतीचे मोकळे वलय मोजायचे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली या पद्धतीला शिस्त लावून दिली, आणि इतकी स्वस्त, इतकी पारदर्शक आणि कोणत्याही जिल्हा रुग्णालयात करता येण्याजोगी दुसरी चाचणी वैद्यकात क्वचितच सापडेल. तिचा दोष एकच, वेळ. पण हा वेळ खरोखर कुठे जातो, हे विचारण्याजोगे आहे. डिस्कमधले औषध अगारमध्ये झिरपत बाहेर सरकते, त्याच वेळी जंतूंची संख्याही वाढत असते, आणि या चढाओढीत वलयाची हद्द बहुतांशी पहिल्या काही तासांतच आखली जाते. उरलेली रात्र जाते ती मुख्यतः ती हद्द डोळ्याला ठळक दिसावी म्हणून.

याच जाणिवेचा उपयोग करून प्रतिजैविकांच्या चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या युरोपीय समितीने, म्हणजे ‘युकास्ट’ने, 2018 साली एक जलद पद्धत प्रसृत केली. डिस्क त्याच, म्युलर-हिंटन अगारही तेच. फक्त पॉझिटिव्ह बाटलीतले द्रव कसलेही द्रावण न करता सरळ प्लेटवर पसरायचे, आणि वलये चार, सहा व आठ तासांनी वाचायची. नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, ही गोष्ट मला या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण वाटते.

टेक्निशियनने पिपेटने सव्वाशे मायक्रोलिटर द्रव घेतले, म्हणजे जेमतेम दोन-तीन थेंब, आणि स्वॅब तीन दिशांनी फिरवून ते नव्वद मिलिमीटरच्या प्लेटवर कडेपर्यंत सारखे पसरले. डिस्क पडल्या, प्लेट पस्तीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गेली, आणि नोंदवहीत वेळ मिनिटासह लिहिली गेली. कारण वाचनाच्या ठरल्या वेळेपासून पाच मिनिटांहून अधिक इकडेतिकडे होणे या पद्धतीला मान्य नाही. प्रत्येक जातीच्या जंतूसाठी आणि प्रत्येक तासासाठी निकषांचा तक्ता निराळा आहे, म्हणून जंतूची जात कळल्याखेरीज नुसत्या मापाला काही अर्थ नाही. ती ओळख मधल्या वेळात लेझरच्या यंत्राने पटवली: ई. कोलाय.

चार तासांनी झाकण काढून प्लेट दिव्याखाली तिरपी धरली, तेव्हा माझ्या अनभ्यस्त डोळ्याला प्रथम काहीच दिसेना. अगारवर जंतूंची साय इतकी विरळ होती, की काचेवर सोडलेल्या निःश्वासाचा अंश उरावा तशी ती भासे. पण बाईंनी प्लेट किंचित फिरवताच कडा उमटल्या, आणि त्यांनी कॅलिपरने एकेक वलय मोजून आकडे सांगायला सुरुवात केली. सेफोटॅक्सिमच्या डिस्कला जंतू जवळजवळ भिडलेले होते, मेरोपेनेमभोवती रुंद, स्वच्छ वर्तुळ होते, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे माप नेमके त्या पट्ट्यात पडले ज्याला नियमांत तांत्रिक अनिश्चिततेचे क्षेत्र म्हटले आहे. टेक्निशियनने विचारले, “मॅडम, सिप्रो रेझिस्टंट लिहू का?” त्या म्हणाल्या, “काहीच लिहू नका. सहा तासांनी पुन्हा बघू.” आणि प्लेट दहा मिनिटांच्या आत पुन्हा इन्क्युबेटरमध्ये गेली. घाईच्या कामात, माहीत नाही तिथे न लिहिण्याचा हा संयम मला त्या मोजणीइतकाच महत्त्वाचा वाटला. जलद अहवाल चुकीचा निघाला, तर तो उशिराच्या अहवालाहून घातक, कारण डॉक्टर त्यावर विसंबून औषध बदलतो.

सेफोटॅक्सिम निकामी असल्याचे फोनवर कळताच वॉर्डातून उत्तर आले, की रोगिणीला त्याच गटातले सेफ्ट्रायॅक्सोन चालू आहे. दुपारी अडीचच्या आत ते बंद होऊन मेरोपेनेम सुरू झाले. जुन्या वाटेने हा बदल आणखी दोन दिवसांनी झाला असता.

याहूनही वेगवान साधने निघाली आहेत. ब्रिटनमध्ये 2014 साली जाहीर झालेले ‘लाँजिट्यूड प्राइझ’ 2024 साली स्वीडनमधील सिस्मेक्स अ‍ॅस्ट्रेगो या कंपनीच्या लघवी तपासणाऱ्या यंत्राला मिळाले; ते सूक्ष्म खाचांत अडकवलेल्या जंतूंची वाढ पाहून पाऊण तासात औषधाचा निर्णय देते. हे कौतुकास्पद आहे, आणि ते इथे येईल तेव्हा त्याचे स्वागतच होईल. परंतु विभागाची जुनी दप्तरे चाळताना बाईंनी मला दाखवले ते निराळेच होते: रक्त घेतल्याची वेळ आणि बाटली कपाटात ठेवल्याची वेळ यांत कित्येकदा सहा-सहा तासांचे अंतर, कारण वॉर्डबॉयची फेरी दिवसातून दोनदाच, आणि संध्याकाळनंतर पॉझिटिव्ह लागलेली बाटली सकाळपर्यंत तशीच पडून. इशारा मिळाल्यापासून अठरा तासांपर्यंत अशी बाटली नियमाने या चाचणीला चालते, पण ते तास रोग्याच्या खात्यावर पडतात. जंतूला दुप्पट व्हायला लागणारी वीस-पंचवीस मिनिटे कोणाच्या हुकमाने कमी होणार नाहीत. बाकीचा विलंब मात्र माणसांच्या व्यवस्थेतला आहे, आणि बाईंचा सारा झगडा त्याच्याशी होता.

वॉर्डबॉयच्या फेऱ्या आता दर दोन तासांनी होतात. रात्रपाळीसाठी एका टेक्निशियनची जागा मंजूर व्हावी म्हणून केलेला अर्ज वरच्या कचेरीत आहे, आणि मंजुरी येईपर्यंत विभागातल्या निवासी डॉक्टरांनीच आळीपाळीने रात्री बाटल्या काढून प्लेट लावाव्यात, असे नावनिशीवार वेळापत्रक बाईंनी इन्क्युबेटरशेजारच्या भिंतीवर लावले आहे.