छातीतील गाठ आणि मॅमोग्राफीचा कागद

इस्रायलमध्ये ५० ते ७४ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीला दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करून घेता येते. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ही तपासणी ४० पासूनच सुरू होते. पंचाहत्तरी आली की मात्र बोलावण्याचे पत्र येणे थांबते, आणि आमच्या समाजातील कित्येक वडीलधाऱ्या भगिनी त्याचा अर्थ 'आता भीती टळली' असा करतात. हा अर्थ बरोबर नाही. हा रोग वयाबरोबर वाढत जातो. पत्र थांबण्याचे कारण वेगळे आहे. ज्या मोठ्या अभ्यासांवरून अशी तपासणी सुरू झाली, त्यांत ७४ च्या पुढच्या बायका घेतलेल्याच नव्हत्या, म्हणून सरसकट सर्वांना बोलावत नाहीत. त्यानंतर तपासणी चालू ठेवायची की नाही, हे आपली एकूण प्रकृती पाहून रोफे मिशपाखा, म्हणजे आपले घरचे डॉक्टर, आणि आपण मिळून ठरवायचे.

आणखी एक गोष्ट. ते पत्र काहीच तक्रार नसलेल्या बाईसाठी असते. जिच्या हाताला गाठ लागली, तिला वयाची अट नाही. ती ८२ वर्षांची असली तरी डॉक्टरांनी तिला तपासून हफनाया द्यायची असते. गाठच असते असेही नाही. बोंडी आत ओढली जाणे, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंडीवर खरूज बसून ती न भरणे, रक्ताळ पाणी येणे, काखेत गोळा लागणे, ही सगळी दाखवण्याजोगी लक्षणे. 'दुखत नाही, मग कशाला डॉक्टरकडे?' असे आमच्या बायका म्हणतात, पण ही गाठ बहुधा दुखतच नाही. पुरुषांनीही हे वाचून पान उलटू नये. क्वचित का होईना, हा रोग त्यांनाही होतो.

मॅमोग्राफी म्हणजे छातीचा कमी ताकदीचा एक्स-रे. स्तन दोन पाट्यांमध्ये दाबून धरतात आणि प्रत्येक बाजूचे दोन, असे चार फोटो काढतात. दाब काही क्षणांचा असतो, पण तो हवाच. दाबल्यामुळे एकमेकांवर आलेले थर पसरतात आणि किरणेही कमी लागतात. जितकी किरणे आपल्या अंगावर जमिनीतून आणि आकाशातून सुमारे सात आठवड्यांत पडतात, साधारण तितकीच यात लागतात. त्या दिवशी काखेत पावडर किंवा वासाचा फवारा लावू नये, त्याचे कण फोटोत पांढरे उमटतात. पूर्वी दुसरीकडे तपासणी झाली असेल तर ते फोटो बरोबर न्यावेत. जुन्याशी ताडून पाहण्याने जितके कळते, तितके एकट्या नव्या फोटोने कळत नाही.

या तपासणीचा आरंभ एका यहुदी शल्यवैद्याने केला, हे आमच्या वाचकांना ठाऊक असावे. बर्लिनच्या डॉ. आल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३००० स्तनांचे एक्स-रे घेऊन १९१३ साली आपले निरीक्षण छापले. पुढे नाझींनी त्यांना साक्सेनहाउझेनच्या छावणीत डांबले. ते त्यातून वाचले. त्यांची चित्रकार मुलगी शार्लोट १९४३ मध्ये आउश्वित्झला मारली गेली.

फोटोत चरबी काळपट दिसते, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या, आणि गाठही पांढरीच. म्हणून तरुण बाईच्या भरीव छातीत गाठ शोधणे म्हणजे दुधात पांढरा खडा शोधण्यासारखे. पाळी गेल्यावर ग्रंथी आटतात, चरबी वाढते आणि फोटो स्पष्ट येतो. म्हणजे म्हाताऱ्या बाईच्या बाबतीत हे यंत्र अधिक चांगले काम करते. तरीही काही कर्करोग गोळा न होता पसरत वाढतात आणि फोटोत लपतात. हाताला गाठ लागत असेल, तर 'फोटो ताकिन आला' एवढ्यावर थांबू नये.

आता त्या कागदाकडे वळू. तो हिब्रूत येतो आणि घरातला नातू तो घाईघाईने वाचून दाखवतो. काही शब्द आपल्यालाच ओळखता आलेले बरे. 'ताकिन' म्हणजे ठीक. 'मिमत्सा' म्हणजे काहीतरी दिसले, एवढेच. ते वाईटच असे नाही. 'शपीर' म्हणजे निरुपद्रवी, 'ममईर' म्हणजे कर्करोगाचे, 'खाशूद' म्हणजे संशयास्पद. 'हिस्तायदुयोत' हा लांबलचक शब्द 'सीद' म्हणजे चुना, यावरून आला आहे. छातीत साचलेल्या चुन्याच्या कणांना तो वापरतात. मोठे, विखुरलेले कण आणि रक्तवाहिन्यांच्या कडेचा चुना उतारवयात नेहमीचा. मिठाच्या कणांसारखे बारीक, वेडेवाकडे आणि एकाच जागी दाटलेले कण असतील, तर मात्र पुढची तपासणी करतात. कॅल्शियमच्या गोळ्यांनी किंवा दूध-दह्याने हा चुना होत नाही. त्या बंद करू नयेत.

कागदाच्या शेवटी बाय-रॅड्स नावाचा एक आकडा असतो. १ आणि २ म्हणजे काळजीचे काही नाही. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता शेकडा दोनहून जास्त नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. ४ म्हणजे तुकडा काढून तपासावे. यात शक्यता शेकडा २ पासून ९५ पर्यंत कितीही असू शकते, म्हणून नुसता ४ वाचून रडत बसू नये. ५ म्हणजे शक्यता ९५ च्या वर. शून्य पाहून काहीजणी देवाचे आभार मानतात. पण शून्याचा अर्थ तपासणी अपुरी, आणखी फोटो हवेत, असा आहे. तपासलेल्या १०० बायकांत पाच ते दहा जणींना असे परत बोलावतात आणि त्यांतल्या बहुतेकींना काही निघत नाही. पण तोर चुकवू नये.

परत बोलावल्यावर बहुधा अल्ट्रासाउंड होतो. त्यात किरणे नसतात. गाठ पाण्याची पिशवी आहे की भरीव, हे त्यात लगेच दिसते. भरीव असेल तर तिची कड पाहतात. कड गुळगुळीत आणि गाठ आडवी असेल तर बरे, काटेरी आणि उभी असेल तर संशय वाढतो. काखेतल्या गाठीही तेव्हाच पाहतात.

शेवटचा निकाल कोणताही फोटो देत नाही, तो ब्योप्सिया देते. जागा बधिर करून, अल्ट्रासाउंडवर पाहत, सुईने शेवयांएवढे बारीक तुकडे काढतात. नुसते चुन्याचे कण असतील तर मॅमोग्राफीच्याच यंत्राखाली सुई घालतात. आत तिळाएवढी धातूची खूण ठेवतात, म्हणजे पुढे जागा सापडते. सुई लावल्याने रोग पसरतो, ही समजूत आमच्याकडे अजून आहे. तिच्यापायी तपासणी लांबवण्यात खरा धोका आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. स्वतःच्या मनाने त्या थांबवू नयेत. कर्करोग निघालाच तर त्याच तुकड्यांवरून तो हार्मोनवर वाढणारा आहे का, हे कळते. उतारवयातला बहुधा तसा असतो, आणि त्यावर रोजच्या गोळीचा चांगला उपयोग होतो.

एमआरआय सर्वांना लागत नाही. सांगितलाच, तर पेसमेकर आहे का, मूत्रपिंड कसे चालते, हे आधी सांगावे, कारण शिरेतून औषध देतात. पेट-सिटी रोग अंगात इतरत्र गेला आहे का हे पाहण्यासाठी असते; लहान गाठीला सहसा नको.

इस्पितळात जाताना कुपत होलिमकडून तोफेस १७ घेतला आहे ना, ते पाहावे. निकाल ऐकायला एकटीने जाऊ नये. मुलगी, सून किंवा शेजारीण, हिब्रू नीट समजणारी कुणीतरी बरोबर न्यावी, आणि डॉक्टरांचे बोलणे तिथल्या तिथे मराठीत लिहून घ्यावे.