अंगठा रातोरात सुजला? प्रत्येक दुखणं ‘वात’ नसतं

(ऐकायला वेळ नसेल तर या भागाचं लिखित रूप)

आज घरचीच गोष्ट सांगतो.

मे महिन्यात माझे मामा तेंदूपत्त्याच्या कामावरून घरी आले. दिवसभर ऊन, पाणी कमी, वरून रात्री मोहाची. पहाटे तीनला कण्हत उठून बसले. उजव्या पायाचा अंगठा लाल, गरम, टम्म सुजलेला. म्हणाले, “चादर लागली तरी जीव जाते रे!” कोणी म्हणालं काटा रुतला, कोणी म्हणालं वात आहे. दुकानातून गोळ्या आणल्या. आठवड्यात सूज उतरली, आपण विसरलो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो आणि नाव कळलं: गाऊट.

आता हे होतं कसं? रक्तात युरिक ॲसिड वाढलं की त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात साचतात. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, म्हणून एवढी आग. दारू, मटणातली कलेजी, काही प्रकारची मासळी आणि शरीरातलं पाणी कमी होणं, यांनी झटका येऊ शकतो.

ओळखायचं कसं? दुखणं अचानक येतं, बहुतेकदा रात्री. एका दिवसात टोकाला जातं. सुरुवातीला एकच सांधा धरतो, जास्त करून अंगठ्याचा, कधी घोटा किंवा गुडघा. एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. इथंच आपण फसतो! दुखणं गेलं, पण खडे तिथंच असतात.

पण थांबा, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत एक वेगळी गोष्ट आहे: सिकलसेल. त्याचं दुखणं बहुतेकदा लहानपणापासून येतं-जातं. हातपाय, कंबर, छाती दुखते, डोळे पिवळसर होतात, अंगात रक्त कमी असतं. त्यातही युरिक ॲसिड वाढू शकतं. म्हणजे नुसता रिपोर्ट वाढलेला दिसला की गाऊटच, असं नाही. उलट गाऊटच्या ऐन झटक्यात रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो. म्हणून झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. घरात कोणाला असेल तर डॉक्टरला आधी तेच सांगा. आणि जोराचा ताप येऊन एकाच वेळी बरेच सांधे धरले, तर चिकुनगुनियाही असू शकतो.

आता तुमचं काम. गावावरून दवाखान्यात पोचेपर्यंत सूज उतरलेली असते, मग डॉक्टर काय पाहणार? मोबाईल काढा. सुजलेल्या सांध्याचा फोटो घ्या. कधी सुरू झालं, आदल्या दिवशी काय खाल्लं-प्यालं, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे लिहून ठेवा. गोळ्यांच्या पाकिटाचाही फोटो काढा. दुखण्याच्या गोळ्या मनानं घेत राहिलं तर किडनीला मार बसतो, आणि अंगात पाणी कमी असताना तर जास्तच.

एक मात्र लक्षात ठेवा: सांधा सुजलाय, सोबत ताप-थंडी आहे, पाय टेकवतच नाही, तर फोटो काढून थांबू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मामा आता औषध घेतात, पाण्याची बाटली सोबत ठेवतात. मोहाची? त्यावर आमचं भांडण चालू आहे.

तुमच्या घरी कोणी ‘वात आहे’ म्हणून गप्प बसलं असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!