पराक्रम कोणाचा, गोष्ट कोणाची?

स्त्री व पुरुष हा भेद निसर्गाने केला. परंतु स्त्रीने सोसावे आणि पुरुषाने लढावे, अशी कामांची वाटणी समाजाने केली. या वाटणीला 'लिंगभाव-भूमिका' असे म्हणतात. असामान्य शक्ती लाभलेल्या नायकांचे, म्हणजेच 'सुपरहिरों'चे चित्रपट ही वाटणी ठळकपणे दाखवतात. म्हणूनच स्त्रीवादी दृष्टीने ते पाहताना एक साधा प्रश्न विचारावा लागतो : गोष्ट कोणाच्या निर्णयाने पुढे जाते?

हॉलिवूडच्या 'सुपरमॅन' (१९७८) या चित्रपटातील लोइस लेन ही धाडसी वार्ताहर आहे. तरीही ती उंचावरून कोसळते, तेव्हा सुपरमॅन तिला झेलतो. भूकंपात तिचा मृत्यू होतो, तेव्हा तो काळ मागे फिरवून तिला परत मिळवतो. तिचे संकट त्याच्या पराक्रमाचे निमित्त ठरते. ती कर्तबगार आहे. परंतु गोष्ट तिची नाही.

मग स्त्रीच्या हाती शस्त्र दिले, की प्रश्न सुटतो का? 'द अ‍ॅव्हेंजर्स' (२०१२) मधील सहा वीरांत ब्लॅक विडो ही एकटीच स्त्री आहे. लढण्यात ती कोणाहून उणी नाही. मात्र २०१७ पर्यंत आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका आणि थॉर या तिच्या सहकाऱ्यांवर प्रत्येकी तीन चित्रपट निघाले होते. तिच्या नावाचा चित्रपट आला २०२१ मध्ये. तोही मूळ कथामालेत तिचा मृत्यू दाखवून झाल्यानंतर!

'वंडर वुमन' (२०१७) या चित्रपटाचे दिग्दर्शन पॅटी जेन्किन्स या स्त्रीने केले. पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर, दोन सैन्यांमधील जागा ओलांडणे अशक्य आहे, असे सहकारी डायनाला सांगतात. ती मात्र स्वतः निर्णय घेऊन खंदकाबाहेर पडते आणि सैनिक तिच्यामागून पुढे सरसावतात. येथे गोष्ट तिची होते. चित्रकथेत १९४१ मध्ये अवतरलेल्या या नायिकेला स्वतःच्या नावाने मोठ्या पडद्यावर येण्यासाठी ७६ वर्षे लागली.

स्त्रीवादी दृष्टी पुरुषाच्या भूमिकेचाही विचार करते. ज्याने कधी भ्यायचे नाही, रडायचे नाही, मदत मागायची नाही, असा नायकही साच्यातच अडकलेला असतो. म्हणून पुढचा चित्रपट पाहताना कोण अधिक बलवान आहे, एवढेच पाहू नये. निर्णय कोण घेते आणि वाट कोण पाहते, हेही पाहावे. पडद्यावरची ही वाटणी ओळखता आली, की घरातलीही दिसू लागते.