जवळचं हॉस्पिटल मागे टाकून

लंडन : इकडच्या वैद्यकीय व्यवस्थेचा विषय निघाला की पुण्याचे मित्र हमखास म्हणतात, ‘तिकडे मशिनं भारी असतील!’ अहो, सीटी स्कॅन मिरजेतही आहे. इथे भारी आहे ती बंद करण्याची हिंमत. पक्षाघाताचे पेशंट पूर्वी लंडनमधली तीसेक हॉस्पिटलं घ्यायची. २०१० मध्ये ठरलं, पहिले ७२ तास फक्त आठ ठिकाणी; बाकीच्यांकडे ॲम्ब्युलन्स वळणारच नाही. मृत्यू घटले. मँचेस्टरने त्याच वर्षी अर्धवट धाडस केलं, लक्षणं सुरू होऊन चार तासांच्या आतलेच पेशंट मोठ्या केंद्रात नेले. तिथे तसा फरक दिसला नाही. २०१५ मध्ये मग त्यांनीही सगळेच न्यायला सुरुवात केली.

शेजारच्या काकांचं तोंड वाकडं झालं तेव्हा मी सोबत होतो. ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरचं हॉस्पिटल ओलांडून सुसाट निघाली आणि काकू ओरडल्या, ‘अहो, राहिलं की मागे!’ पॅरामेडिकला एकच हवं होतं : शेवटचे धडधाकट कधी दिसले? काकूंनी शनिवारच्या बारशापासून सुरुवात केली. त्याने घड्याळ पुढे केलं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथूनच मोजतात. दारातून काका थेट सीटीच्या टेबलावर. गुठळी मोठ्या रक्तवाहिनीत निघाली, ती ओढून काढायला दुसऱ्या हॉस्पिटलात रवानगी झाली; काका पोचायच्या आधी त्यांचा मेंदू तिथल्या डॉक्टरांच्या पडद्यावर पोचला होता.

मला पक्षाघात झालेला साताऱ्याकडचा मावसभाऊ आठवला आणि डोकं फिरलं. आधी फॅमिली डॉक्टर, मग बीपीची गोळी, मग स्कॅन सेंटर, मग ‘पुण्याला न्या’ची चिठ्ठी. पुण्यात आधी डिपॉझिट, नंतर स्कॅन पुन्हा. जुन्या फिल्मची पिशवी वहिनीच्या मांडीवर तशीच. २०१४ पासून १०८ची ॲम्ब्युलन्स फुकट आहे, पण ‘ओळख कुठे आहे’ हे ठरेपर्यंत तिला बोलावणार कोण? हॉस्पिटल नातेवाईकांनी निवडायचं, यालाच आपण काळजी म्हणतो.

तरी फार हेवा करू नका. अशा पेशंटसाठी ॲम्ब्युलन्सने सरासरी १८ मिनिटांत यावं असं इथलं उद्दिष्ट. डिसेंबर २०२२ मध्ये इंग्लंडची सरासरी दीड तासावर गेली होती. गुठळी ओढून काढण्याची सोय लंडनबाहेर कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं रात्री बंदच असायची. आणि इथले शेजारी नुसते पडद्याआडून बघतात. मावसभावासाठी मात्र गल्लीतली पोरं क्षणात रिक्षा घेऊन आली, उचलून आत बसवलं, आणि विचारलं, ‘कुठं न्यायचं?’ त्यावर आमच्या घरात चर्चा सुरू झाली.