पंपातलं औषध संपतं, फवारा संपत नाही

दम्याचा पंप संपत आला की नाही हे कसं ओळखता, असं विचारलं की बहुतेक जण तो कानाशी धरून हलवून दाखवतात. आत काहीतरी डुचमळतं, म्हणजे आहे अजून. तरीही शंका उरली तर हवेत एक फवारा मारायचा; पांढरा धूर दिसला की पंप परत खिशात. दोन्ही परीक्षा वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत आणि दोन्ही फसव्या आहेत, कारण जे डुचमळतं आणि जे धुरासारखं दिसतं, ते जवळजवळ सगळं औषध नसतंच.

अमेरिकेत मिळणाऱ्या ‘व्हेंटोलिन एचएफए’ या साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या माहितीपत्रकातले आकडे घेऊ. २०० फवाऱ्यांच्या डबीत १८ ग्रॅम ऐवज भरलेला असतो. एका दाबासरशी झडपेतून ७५ मिलिग्रॅम मिश्रण सुटतं आणि त्यात साल्ब्युटामॉल सल्फेट असतं अवघं १२० मायक्रोग्रॅम. टक्केवारीत ०.१६. बाकी सगळा असतो एचएफए-१३४ए नावाचा वायू, दाबाखाली द्रव करून भरलेला. त्याचं काम एकच, औषधाच्या बारीक कणांना बाहेर ढकलणं. आता एक सोपा गुणाकार करा. ७५ मिलिग्रॅम गुणिले २०० म्हणजे १५ ग्रॅम. डबीत तर १८ भरलेत. वरचे तीन ग्रॅम कुठे गेले?

कुठेच जात नाहीत, ते आतच राहतात, आणि मुद्दाम ठेवलेले असतात. पंप आपण उलटा धरतो तेव्हा द्रव खालच्या एका इवल्याशा कप्प्यात उतरतो. डबी दाबली की कप्प्याचा आतला मार्ग बंद होतो, बाहेरचा उघडतो आणि मोजून मापून तेवढाच द्रव सुटतो. बोट काढलं की कप्पा पुन्हा भरतो. कप्पा दरवेळी काठोकाठ भरायचा तर वर पुरेसा द्रव हवा. म्हणून दोनशेवा फवाराही पहिल्याइतकाच असावा यासाठी कंपनी ज्यादा माल भरते. दोनशेनंतर कप्पा कधी पूर्ण भरतो, कधी अर्धाच. पंप दाबला जातो, आवाज होतो, धूरही निघतो; पण त्यात औषध किती, याची हमी कोणी देत नाही.

धुराचा जोर तरी कमी व्हायला हवा की नाही? नाही होत. हा वायू उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे आपल्या खोलीच्या तापमानाला डबीत द्रव आणि त्याची वाफ दोन्ही असतात. जोवर थोडा तरी द्रव शिल्लक आहे तोवर वाफेचा दाब तापमानावर ठरतो, द्रव किती उरला आहे त्यावर नाही. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचं हेच तर आहे: गॅस संपत आला तरी ज्योत बराच काळ तशीच राहते आणि पाहुणे बसलेले असताना अचानक दगा देते. म्हणून तर आपण सिलिंडर उचलून, हलवून अंदाज घेतो. पण तो १४.२ किलोचा ऐवज आहे, हाताला फरक कळतो. १८ ग्रॅमांतले १५ गेले हे मनगटाला कळत नाही.

पाण्यात बुडवून बघण्याचा उपायही एकेकाळी रूढ होता. भरलेली डबी तळाला जाते, अर्धी उभी तरंगते, रिकामी आडवी पडते. क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी वायूच्या जुन्या पंपांच्या काळात काही माहितीपत्रकांत तशी चित्रंही असत. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर वाचवण्यासाठी सीएफसी टप्प्याटप्प्याने गेला, नवा वायू आला, डब्या आणि झडपाही बदलल्या. सवय मात्र राहिली. २००४ साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात या तरंगण्यावरून पंप संपला की नाही हे कळत नसल्याचं दिसलंच, शिवाय चारातल्या एकाहून अधिक वेळा पाणी झडपेच्या तोंडाशी अडकून बसलं. म्हणजे तपासणीनेच चांगला पंप बिघडवायचा.

तरी मला याहून जास्त नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मापून फवारा देणारा पंप बाजारात आला १९५६ साली. लॉस एंजेलिसच्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या किशोरवयीन मुलीला दमा होता. तेव्हाचं औषध काचेच्या उपकरणात भरून रबरी फुगा दाबत घ्यावं लागे. हेअरस्प्रेसारखं डबीतून का नाही मिळत, असं तिने विचारलं आणि वडिलांनी ते मनावर घेतलं. मापाची झडप घेतली ती अत्तराच्या फवाऱ्यासाठी बनवलेली. एक दाब, एक ठरलेला डोस, हे त्या काळात क्रांतिकारकच होतं. पण असे डोस किती उरले, हे सांगणारा आकडा पंपावर असावा अशी शिफारस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केली ती मार्च २००३मध्ये. मध्ये ४७ वर्षं गेली. एवढ्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला.

पंपावर आकडा नसण्याचे परिणाम काय होते? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत दमा असलेल्या ५०० कुटुंबांना विचारण्यात आलं. डोसांचा हिशेब ठेवा असं त्यांच्यापैकी जेमतेम ३६ टक्क्यांना कधीतरी कोणी सांगितलं होतं. काहीच बाहेर येईनासं झालं की पंप संपला, असं ८२ टक्के मानत होते. आणि दर चारांतल्या एकाला ऐन अटॅकमध्ये पंप रिकामा निघाल्याचा अनुभव होता.

आकडा बसवणं वाटतं तितकं सोपं नाही. डबी खाली सरकते काही मिलिमीटर, तेवढ्यात बारीक दातेरी चाकाने एक घर पुढे जायचं. दाब कमी पडला तर? चाक फिरलं पण फवारा सुटला नाही, तर आकडा खरं असेल त्यापेक्षा कमी दाखवेल आणि शेवटी दोन-चार फवारे वाया जातील. उलट झालं, फवारा सुटला आणि चाक जागचं हललं नाही, तर रिकाम्या पंपावर ‘अजून १५’ असं लिहिलेलं राहील. म्हणून रचना अशी करतात की चूक झालीच तर ती पहिल्या प्रकारची व्हावी. आकडा आधी बदलतो, फवारा क्षणभराने सुटतो. घरातलं पोर पंपाशी खेळलं तर तेही मोजलं जातं. नवा पंप सुरू करताना हवेत सोडायचे फवारेसुद्धा मोजले जातात. व्हेंटोलिनचा आकडा त्यासाठीच २०४पासून सुरू होतो. काही पंपांत हे यंत्र डबीला जोडलेलं असतं, काहींत प्लास्टिकच्या खोक्यात. दुसऱ्या प्रकारात एका पंपाची डबी दुसऱ्याच्या खोक्यात घातली की हिशेब कोलमडला.

भारतातही बऱ्याच पंपांवर आता आकडा असतो, सगळ्यांवर नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या साल्ब्युटामॉल पंपातही फवारे २००च. रोज घ्यायच्या प्रतिबंधक पंपाचं सोपं आहे. १२० फवारे, दिवसाला चार, म्हणजे ३० दिवस. सुरू केल्याची तारीख खोक्यावर लिहिली की झालं. पूड ओढायच्या उपकरणांत रोटाहेलरवाल्यांना तर काळजीच नाही, डबीतल्या कॅप्सूल डोळ्यांनी मोजता येतात. टर्ब्युहेलरवाल्यांनी मात्र सावध राहावं. तो हलवल्यावर आत खुळखुळतं ते औषध नसतं, ओलावा शोषणारी पूड असते आणि औषध संपल्यावरही ती तशीच वाजत राहते. खरी अडचण असते अडीनडीला घ्यायच्या पंपाची. आठवडा आठवडा हात लागत नाही आणि मग एका रात्रीत १० फवारे जातात. ते कोण लिहून ठेवणार!

आकडा नसलेल्या पंपासाठी एक मार्ग उरतो, वजनाचा. नवा पंप डबीसकट तोलून वजन खोक्यावर लिहायचं. वरच्या उदाहरणातल्या पंपाचं १५ ग्रॅम वजन घटलं की तो संपला, मग आत कितीही डुचमळो. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमपर्यंतच्या काट्यावर १३ फवाऱ्यांचा एक टप्पा कळतो, तेवढं पुरे. सराफाच्या काट्यावर एकेक फवारा कळेल, पण सराफ काय म्हणेल ते सांगता येत नाही. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असल्याने हा १५चा आकडा सरसकट लावू नये.

हे सगळं ‘किती उरले’ याबद्दल झालं. माझ्या मते याहून मोठा प्रश्न ‘किती दिवसांत गेले’ हा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही. दमा आटोक्यात असण्याची एक प्रचलित खूण म्हणजे आराम देणारा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागू नये. दरवेळी दोन फवारे धरले तर आठवड्याला चार, वर्षाला २०८. म्हणजे २०० फवाऱ्यांची डबी बरं चाललेल्या माणसाला साधारण वर्षभर पुरते. तुमची तीन महिन्यांत संपत असेल, तर पंपात काही दोष नाही.

साल्ब्युटामॉल श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं आणि चार-सहा तास तसे ठेवतं. नलिकांच्या अस्तराला आलेली सूज मात्र ते कमी करत नाही. त्यासाठी श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड लागतं. आराम इतका चटकन मिळतो की सूज वाढत असल्याचं लक्षातच येत नाही. स्वीडनमधल्या, २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३ लाख ६५ हजारांहून अधिक रुग्णांच्या औषधखरेदीच्या नोंदी तपासल्या गेल्या. जवळपास ३० टक्के रुग्णांनी वर्षात असे तीन किंवा अधिक पंप घेतले होते, आणि पंप जितके जास्त तितका अटॅकचा आणि मृत्यूचा धोका जास्त, असं आढळलं. ब्रिटनमध्ये दम्याने गेलेल्या १९५ जणांची प्रकरणं २०१४च्या राष्ट्रीय अहवालात तपासली होती. पंपांची नोंद उपलब्ध होती अशांपैकी ३९ टक्क्यांना शेवटच्या वर्षात १२पेक्षा जास्त पंप लिहून दिले गेले होते, काहींना तर ५०हून जास्त. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या जागतिक संस्थेने २०१९पासून प्रौढांना आणि किशोरांना नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नका, असं सांगितलं आहे.

स्वीडनला हे कळलं कारण तिथे कोणी किती पंप नेले याची नोंद राहते. आपल्याकडे पंप बहुधा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, जुन्या चिठ्ठीवर किंवा चिठ्ठीशिवायच येतो; एक इथून, दुसरा गावी गेल्यावर तिथून. कुठल्याच वहीत बेरीज होत नाही. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असं ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’च्या २०१९च्या अंदाजांवरून दिसतं. त्यामागे प्रतिबंधक औषधाचा अपुरा वापर हे मोठं कारण मानलं जातं. अशा वेळी खोक्यावर मार्करने लिहिलेली सुरुवातीची तारीख हीच रुग्णाची एकमेव नोंद ठरते. डॉक्टरांकडे जाताना रिकामे पंपसुद्धा बरोबर न्यावेत. ‘मध्ये मध्ये घेतो’ या उत्तरापेक्षा त्या तारखांतून डॉक्टरांना बरंच अधिक कळतं.

आता पुन्हा पंपावरच्या आकड्याकडे, त्याच्या लाल रंगाबद्दल. व्हेंटोलिनवर आकडा २०वर आला की लाल होतो, म्हणजे नवा पंप आणायची वेळ झाली. एरवीच्या वापराला ही सूचना ठीक आहे. २० फवारे पाच आठवडे पुरतील. पण मोठ्या माणसाला जोराचा अटॅक आला तर पहिल्या तासात दर २० मिनिटांनी ४ ते १० फवारे द्यायचे असतात, आणि तेही दवाखान्याच्या वाटेवर. जास्तीत जास्त धरले तर तासाला ३० होतात. गाव तालुक्याच्या रुग्णालयापासून लांब असेल, रात्रीचं मेडिकल उघडं नसेल, तर नवा पंप ५० उरलेले असतानाच घरात आलेला बरा, आणि घेताना त्याची मुदतीची तारीखही वाचावी, कारण ती कुठलाच आकडा मोजत नाही.