आठवड्याच्या नियोजनाला 'कानबान'ची शिस्त

रविवारी रात्री पुढील आठवड्याच्या कामांची यादी करावी आणि शनिवारी पाहावे, तर निम्मी कामे अर्धवट, असा अनुभव बहुतेकांना असतो. मग आपणच आळशी, असा निष्कर्ष आपण काढतो. प्रत्यक्षात दोष बहुधा यादीचा असतो. काय करायचे ते यादी सांगते. एका वेळी किती कामे हाती घ्यायची, ते सांगत नाही. ही उणीव भरून काढणारी पद्धत म्हणजे 'कानबान'.

कानबान हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ फलक किंवा पाटी असा आहे. टोयोटा कंपनीतील अभियंते ताईची ओनो यांना ही कल्पना अमेरिकेतील सुपरमार्केटवरून सुचली. तेथे ग्राहकाने जेवढा माल उचलला, तेवढाच पुन्हा फळीवर भरला जातो. १९५३ मध्ये ओनो यांनी हे तत्त्व कारखान्याच्या यंत्रशाळेत लागू केले. पुढच्या विभागाने सुटे भाग उचलले की त्यांचे कार्ड मागच्या विभागाकडे परत जाते. कार्ड आल्याशिवाय नवे भाग बनवायचे नाहीत, असा नियम. २०११ मध्ये जिम बेन्सन आणि टोनियान डीमारिया बॅरी यांनी 'पर्सनल कानबान' या पुस्तकाद्वारे ही पद्धत वैयक्तिक कामांसाठी मांडली. तिचे नियम दोनच : काम डोळ्यांसमोर आणा आणि हाती घेतलेल्या कामांना मर्यादा घाला.

समजा, कळंब्यात राहणारे एक गृहस्थ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात. त्यांनी घरातील कपाटाच्या दारावर तीन रकाने आखावेत : 'करायचे', 'हाती घेतलेले' आणि 'झाले'. वीजबिल, मुलीचा शाळाप्रवेश, दुचाकीची दुरुस्ती, वडिलांची नेत्रतपासणी अशा प्रत्येक कामाची एक चिठ्ठी करून ती पहिल्या रकान्यात चिकटवावी. मधल्या रकान्यात मात्र एका वेळी तीनच चिठ्ठ्या ठेवाव्यात. एक 'झाले'मध्ये गेली, तरच दुसरी आत घ्यावी.

ही मर्यादा का, याचे उत्तर गणितात आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, हाती असलेल्या कामांच्या सरासरी संख्येला काम उरकण्याच्या वेगाने भागले की एका कामाला लागणारा सरासरी काळ मिळतो. आठवड्याला चार कामे उरकत असतील आणि बारा कामे हाती असतील, तर प्रत्येक काम सरासरी तीन आठवडे रेंगाळते. तीनच हाती घेतली, तर तेच काम आठवड्याच्या आत पूर्ण होते. कळंबा तलाव भरल्यानंतर कितीही पाऊस पडला, तरी जादा पाणी सांडव्यावरूनच वाहून जाते. माणसाच्या आठवड्याचेही तसेच आहे.

काही पथ्ये पाळावीत. 'घर आवरणे' अशी मोघम चिठ्ठी लिहू नये. एका बैठकीत उरकेल एवढेच काम लिहावे. दुसऱ्याच्या उत्तरावर अडलेल्या कामांसाठी 'प्रतीक्षा' हा वेगळा रकाना ठेवावा. रोजचा स्वयंपाक, दूध यांसारखी नित्याची कामे फलकावर आणू नयेत. फलक घरातील सर्वांना दिसेल असा असावा. कोणाच्या वाट्याला किती भार आहे, हे त्यामुळे न बोलता कळते.

दर रविवारी 'झाले' रकाना रिकामा करताना पहिल्या रकान्याकडेही नीट पाहावे. वीजबिलाला शेवटची तारीख असते, त्यामुळे ते भरले जातेच. वडिलांच्या नेत्रतपासणीला तशी तारीख नसते. तीन रविवार ती चिठ्ठी तेथेच दिसली, तर चौथ्या सोमवारी मधल्या रकान्यात पहिली जागा तिलाच द्यावी. यादीत जे काम पानामागे दडून राहते, ते फलकावर रोज समोर दिसते. कानबानचा खरा उपयोग हाच आहे.