बोफोर्स ते धनुष : किंमत आणि क्षमतेचा ताळेबंद

जुनी सामग्री स्वस्त की नवी, याचे उत्तर आपण बहुधा खरेदीच्या रकमेवरून काढतो. संरक्षणाच्या क्षेत्रात ही पद्धत विशेष दिशाभूल करते. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतील ‘धनुष’ आणि जिच्या आराखड्यांवर ती आधारलेली आहे ती स्वीडनची बोफोर्स, या दोन तोफांची तुलना त्या दृष्टीने उद्बोधक आहे. 1904 साली स्थापन झालेल्या या कारखान्यातून पहिल्या सहा धनुष तोफा 8 एप्रिल 2019 रोजी भूदलाच्या स्वाधीन करण्यात आल्या.

क्षमतेतील फरक

दोन्ही तोफांच्या नळीचा अंतर्व्यास 155 मिलिमीटर आहे; फरक लांबीत आहे. बोफोर्सची नळी 39 कॅलिबरची, म्हणजे अंतर्व्यासाच्या 39 पट, सुमारे 6 मीटर लांब आहे. धनुषची नळी 45 कॅलिबरची, सुमारे 7 मीटर आहे. नळी लांब असली की जळणाऱ्या दारूच्या वायूंना गोळा पुढे ढकलण्यास अधिक अंतर मिळते आणि गोळा अधिक वेगाने बाहेर पडतो. परिणामी पल्ला सुमारे 27 किलोमीटरवरून 38 किलोमीटरपर्यंत वाढला. अर्थात, प्रत्यक्ष पल्ला गोळ्याच्या प्रकारावरही अवलंबून असतो. याखेरीज धनुषमध्ये स्वतःचे स्थान ठरवणारी दिशादर्शन यंत्रणा, माऱ्याचे गणित करणारा संगणक आणि नळी आपोआप रोखण्याची सोय आहे.

किमतीचे गणित

मार्च 1986 च्या करारानुसार 410 बोफोर्स तोफा, दारूगोळा व पूरक सामग्रीसह, सुमारे 1,437 कोटी रुपयांना घेण्यात आल्या. तोफेमागे हा खर्च साडेतीन कोटी रुपये होतो. धनुषची किंमत 2019 मध्ये सुमारे साडेचौदा कोटी रुपये सांगण्यात आली. वरवर पाहता नवी तोफ चौपट महाग आहे. परंतु 1986 मध्ये एका डॉलरला सुमारे साडेबारा रुपये पडत होते आणि 2019 मध्ये सुमारे 70 रुपये. त्या हिशेबाने बोफोर्सचा दर तोफेमागे सुमारे 28 लाख डॉलर, तर धनुषचा सुमारे 21 लाख डॉलर होतो. या काळात खुद्द डॉलरची क्रयशक्तीही निम्म्याहून कमी झाली. जुन्या रकमेत दारूगोळा धरलेला असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरीही ‘चौपट महाग’ हा निष्कर्ष टिकत नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

विलंबाची किंमत

बोफोर्सच्या करारात तंत्रज्ञान हस्तांतरणाची तरतूद होती आणि तोफेचे आराखडे भारतात आलेही होते. मात्र खरेदीतील कथित लाचखोरीचे प्रकरण उद्भवल्यानंतर परवान्याखालील उत्पादन झाले नाही. पुरवठादारावरील बंदीमुळे सुट्या भागांची टंचाई निर्माण झाली. 1999 च्या कारगिल संघर्षात याच तोफांनी मोलाची कामगिरी बजावली. तरीही आराखडे कपाटातच राहिले. त्यांवर आधारित देशी तोफ उभी राहीपर्यंत पाव शतक लोटले. ज्ञान विकत घेऊन न वापरण्याचा हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

गुणवत्ता आणि मुदत

2019 मध्ये धनुषचे 81 टक्के भाग देशी होते. देशी सामग्रीमुळे परकीय चलन वाचते व दुरुस्ती आपल्या हाती राहते. पण गुणवत्तेची जबाबदारीही आपलीच होते. 2017 मध्ये चाचणीदरम्यान गोळा नळीच्या टोकावरील ब्रेकला लागला. त्याच वर्षी बेअरिंगच्या पुरवठ्यात बनावट माल आल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. 114 तोफांची मागणीही मूळ मुदतीत पुरी झाली नाही. मुदत लांबली की यंत्रे, जागा व मनुष्यबळ यांचा स्थिर खर्च कमी तोफांवर वाटला जातो आणि किमतीतील लाभ आटू लागतो.

1 ऑक्टोबर 2021 पासून हा कारखाना अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा घटक आहे. त्यामुळे खर्चाचा स्वतंत्र ताळेबंद मांडणे आता शक्य झाले आहे. त्या ताळेबंदात पल्ला आणि दर यांच्याबरोबरच पुरवठ्याचा वेग, सुट्या भागांची उपलब्धता व नाकारलेल्या मालाचे प्रमाण यांनाही स्थान मिळाले पाहिजे. तोफ घेणाऱ्या भूदलाला आणि तिचे पैसे देणाऱ्या करदात्याला खरी किंमत तेथेच कळेल.